गळ्यातली गाठ आणि ऊसतोडीचा हंगाम

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेतील एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या चौथीच्या वर्गातील एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मानेच्या डाव्या बाजूला गेल्या होळीच्या सुमारास गाठ आली. ती दुखत नव्हती. कोणी अवधाण म्हणाले, कोणी गंडमाळ. तालुक्याच्या गावी गाठीत सुई घालून तपासणी झाली, टीबी असावा असे सांगून गोळ्या सुरू झाल्या. साडेतीन महिने गोळ्या नेमाने घेऊनही गाठ वाढत गेली, काखेत दुसरी आली आणि मुलगा रात्री घामाने भिजू लागला. अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी गाठ काढून तपासली, तेव्हा अहवालात ‘हॉजकिन लिम्फोमा’ असे आले. सहा महिने केमोथेरपी घ्यावी लागेल, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून त्यांनी उचल घेतली आहे आणि दसऱ्यानंतर टोळी निघणार आहे. मागे घरी फक्त आजी असते; तिला अक्षरओळख नाही. शेजारी म्हणतात, ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल, कशाला पैसे घालवता?’ आणि एका वैदूचा पत्ता देतात. बार्शी आम्हाला जवळ आहे, मुंबई लांब. मूल बरे होईल का? न्यायचे कुठे? खर्चाचे काय? आणि तो मला रोज विचारतो, ‘गुरुजी, माझ्या गळ्यात काय झालंय?’ त्याला काय सांगू?

उत्तर :

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मनात आले, की निदान उशिरा झाले असले तरी वेळ हातची गेलेली नाही. दुसऱ्यांदा वाचताना ‘दसऱ्यानंतर टोळी निघणार आहे’ या वाक्याशी थांबले, आणि या मुलाच्या बाबतीत खरी काळजी कशाची करायची ते तिथे उमगले. म्हणून आजाराबद्दल आधी सांगते आणि मग त्या वाक्याकडे येते.

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शरीरभर पसरलेल्या लसिका ग्रंथी जंतूंशी झुंजताना सुजतात, आणि जखम भरली की अवधाणही उतरते. लिम्फोमात या ग्रंथींमधील पेशीच बेबंद वाढू लागतात. बाहेरून आलेले काही नसतेच, त्यामुळे गाठ उतरतही नाही. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टराने १८३२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले आणि पुढे त्याचेच नाव या आजाराला मिळाले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईने गरोदरपणात काही खाल्ल्यामुळे होत नाही, आणि मुलाने देवाच्या झाडाखाली लघवी केल्यामुळे तर मुळीच होत नाही. हे शेवटचे कारण मी माझ्याच दवाखान्यात एका आजोबांकडून ऐकले आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता तुमचा पहिला प्रश्न. हॉजकिन लिम्फोमा हा मुलांच्या कॅन्सरमधील सर्वांत बरा होण्याजोग्या आजारांपैकी एक आहे. १९६० च्या दशकात चार औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि तेव्हापासून या आजाराचे चित्रच पालटले. प्रगत देशांत आज या आजाराची दहापैकी नऊहून अधिक मुले बरी होतात, आणि आपल्याकडील मोठ्या केंद्रांत जी मुले उपचार पूर्ण करतात त्यांची स्थितीही त्यापासून फार दूर नाही. काखेत दुसरी गाठ आली, रात्री घाम येतो, यावरून आजार थोडा पसरला असावा असे दिसते. पण पसरलेला हॉजकिनही बरा होतो, फक्त औषधाच्या फेऱ्या अधिक लागतात. ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ ही कोटी ज्याने प्रथम केली त्याच्यासमोर हा आजार नसावा.

मग श्रीमंत आणि गरीब देशांत इतका फरक का पडतो? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहून कमी. त्याची कारणेही संघटनेने सांगितली आहेत : निदान उशिरा होणे, चुकीचे होणे, उपचार अर्धवट सुटणे, औषधांचे दुष्परिणाम सांभाळता न येणे. २०१८ मध्ये संघटनेने मुलांच्या कॅन्सरसाठी जो जागतिक उपक्रम सुरू केला, त्यात लक्ष केंद्रित करण्यासाठी निवडलेल्या सहा आजारांमध्ये हॉजकिन लिम्फोमा आहे, आणि तो निवडण्याचे कारणच हे, की तो बरा करता येतो. यांपैकी पहिली दोन कारणे तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडून गेली आहेत. उरलेली दोन घडू द्यायची नाहीत, एवढेच आता आपल्या हाती आहे.

टीबीची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण वडिलांच्या मनात त्या डॉक्टरांविषयी राग असणार. आपल्या भागात मुलाच्या मानेला न दुखणारी गाठ आली तर टीबीची शंका येणे स्वाभाविक आहे; तो आजार इथे तितका आहेच. सुईने काढलेल्या चार थेंबांत लिम्फोमा ओळखणे अवघड असते, कारण या आजाराची खूण असलेल्या मोठ्या पेशी गाठीत फार थोड्या असतात आणि सभोवती साध्या पेशींची गर्दी असते. त्यातून हॉजकिनच्या गाठीतही कधी कधी टीबीसारख्याच दिसणाऱ्या पेशींचे पुंजके सापडतात. म्हणून नियम असा, की शंका असेल तर सुईवर न थांबता पूर्ण गाठ काढून तपासावी, आणि टीबीची औषधे सुरू केली तरी महिना-दोन महिन्यांत गाठ मुळीच उतरत नसेल किंवा वाढत असेल तर पुन्हा विचार करावा. हा नियम मी स्वतः चुकून शिकले. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून फार वर्षे झाली नव्हती, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलीला मी अडीच महिने टीबीच्या गोळ्या दिल्या आणि तिच्या छातीचा साधा एक्स-रेसुद्धा काढला नाही. नंतर काढला तेव्हा छातीच्या मधोमध गाठींची रुंद सावली होती. मुलगी बरी झाली, आज ती स्वतः आई आहे. पण ते अडीच महिने माझ्या नावावर आहेत. तेव्हा त्या डॉक्टरांवर राग धरण्यात वेळ घालवू नका. मात्र टीबीच्या गोळ्यांचे पाकीट आणि कार्ड बरोबर घेऊन जा. त्यातील रिफाम्पिसिन हे औषध इतर काही औषधांचा परिणाम कमी करते, त्यामुळे गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, याचा निर्णय नव्या डॉक्टरांनीच पहिल्या दिवशी घ्यायला हवा.

न्यायचे कुठे, हा दुसरा प्रश्न. बार्शीला १९८२ पासून नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातील कॅन्सरच्या नोंदी ठेवण्याचे देशातील पहिले काम १९८७ मध्ये तिथूनच सुरू झाले. आपल्या मुलखासाठी ही लहान गोष्ट नाही. तरीही माझा सल्ला असा आहे, की पहिली तपासणी आणि उपचाराचा आराखडा मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग असलेल्या मोठ्या केंद्रातच व्हावा, मग ते परळचे टाटा मेमोरियल असो वा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. मोठ्या माणसाच्या लिम्फोमाची औषधे मुलाच्या वजनानुसार कमी केली की झाले, असे नसते. वाढत्या मुलाच्या हृदयावर, फुप्फुसांवर, पुढे त्याला मुले होण्यावर काय परिणाम होईल हे पाहून औषधे निवडली जातात, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना आजाराने चांगली साथ दिली तर पुष्कळ मुलांना किरणोपचार टाळता येतात. हा हिशेब रोज करणाऱ्या माणसांनी करावा. आराखडा ठरला, की त्याच डॉक्टरांना विचारा : ‘मधल्या रक्ततपासण्या, आणि जमल्यास काही डोस, आमच्या जवळ कुठे होतील?’ पुष्कळदा त्याची सोय होते. पण हा प्रश्न तुम्ही विचारावा लागतो, कारण तुमचे गाव नकाशावर कुठे आहे हे मुंबईतल्या डॉक्टरांना ठाऊक नसते.

जाताना काय न्यायचे ते नीट ऐका. नुसता अहवालाचा कागद पुरत नाही. गाठीचे तुकडे मेणाच्या छोट्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात. त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. ते ब्लॉक आणि काचेच्या ‘स्लाइड’ जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून लेखी अर्ज देऊन मागून घ्या. नवीन रुग्णालय त्या पुन्हा तपासते आणि विशेष रंगद्रव्ये वापरून आजाराचा नेमका प्रकार ठरवते. ब्लॉक नसेल तर मुलाची दुसरी गाठ काढावी लागण्याची वेळ येते, आणि त्यात दोन-तीन आठवडे वाया जातात. ब्लॉक उन्हात तापू देऊ नका, मेण वितळते. डब्यात कापूस घालून ठेवला की पुरे. शिवाय शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याचे वजन नोंदलेले असेलच. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा आकडा एका कागदावर उतरवून द्या. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटले असेल, तर आजाराची पायरी ठरवताना त्याला महत्त्व असते, आणि आईवडिलांना हा आकडा कधीच सांगता येत नाही. एका शिक्षकाकडूनच तो मिळू शकतो.

खर्चाचा प्रश्न वाटतो तितका भयंकर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, कॅन्सरची केमोथेरपी त्यात येते, आणि योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन सर्वांत आधी त्याला गाठा. मुलाचे नाव रेशनकार्डावर चढवले आहे का, हे मात्र घर सोडण्यापूर्वी पाहा. स्थलांतर करणाऱ्या घरांत धाकट्या मुलांची नावे चढवायची राहून गेलेली असतात, आणि तहसील कार्यालयातील ते एक काम मुंबईतून करता येत नाही. योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांसाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जा; तेथील कार्यकर्ते देणगीदार संस्थांशी बोलून मार्ग काढतात. त्यासाठी कोणाच्या मध्यस्थीची गरज नाही आणि कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. प्रवासाचे म्हणाल, तर लातूरहून मुंबईला जाणारी गाडी बार्शीला थांबते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरच्या डब्यात भाडे पडत नाही आणि सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या खेपेलाच तो मागून घ्या. एसटीतही सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मुलांसाठी खास म्हणजे सेंट ज्यूड्सची केंद्रे : २००६ पासून ही संस्था खेड्यांतून आलेल्या कॅन्सरग्रस्त मुलांना आईवडिलांसह मोफत राहायला जागा देते, शिधा देते आणि रुग्णालयात ने-आणही करते. तिथला प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीने होतो आणि जागा मोजक्या असतात. त्यामुळे ‘आम्ही फुटपाथवर राहू’ असे वडील संकोचाने म्हणण्यापूर्वी समाजसेवा विभागाला सांगून नाव लावा.

आता त्या वाक्याकडे येते.

गुरुजी, हॉजकिनची गाठ औषधाला फार लवकर दबते. पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीनंतर मानेवर हात फिरवला तर काही लागत नाही, ताप जातो, भूक लागते, मूल अंगणात खेळू लागते. नेमकी हीच वेळ घात करते. घरच्यांना वाटते, की आजार गेला. उरलेली औषधे म्हणजे डॉक्टरांचा अतिसावधपणा. मी पाहिलेला एक मुलगा असाच दोन फेऱ्यांनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेला. कारखाना बंद झाल्यावर चैत्रात परत आले तेव्हा आईने जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फाइल माझ्या टेबलावर सोडली. कागद अगदी कोरडे, जपून ठेवलेले होते, आणि मुलाच्या गळ्यात दोन्ही बाजूंना गाठी होत्या. फाइल जपायची असते हे तिला कोणी तरी सांगितले होते. तारीख जपायची असते हे सांगायचे आम्ही विसरलो होतो. परत उलटलेल्या आजारालाही उपचार आहेत, पण औषधे अधिक कडक, मुक्काम लांबचा आणि भरवसा कमी. सलग चार आठवडे उपचार चुकले, तर मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर त्याला ‘उपचार सोडले’ असेच धरतात; हंगाम तर पाच-सहा महिन्यांचा असतो. तुमच्या विद्यार्थ्याचे उपचार आश्विनात सुरू झाले तर फाल्गुनापर्यंत चालतील. म्हणजे हंगामाशी ते अगदी घट्ट जुळतात, आणि म्हणूनच या मुलाचा जीव रुग्णालयाइतकाच मुकादमाच्या वहीवर अवलंबून आहे.

तुम्हाला हे माझ्याहून चांगले माहीत आहे, की नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या हिशेबाने असते. आई मागे राहिली तर वडिलांचा अर्धा कोयता होतो आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही. यातून वाट काढायची, तर टोळी ठरण्याआधी काढावी लागेल. भावकीतला एखादा एकटा गडी वडिलांबरोबर जोडीला लावता येतो का, ते पाहा. असा माणूस मिळाला तर कोयता पुरा राहतो, उचल फिटते आणि आई मुलाबरोबर राहू शकते. मुकादमाकडे वडिलांना एकट्याने पाठवू नका. सरपंच, तुम्ही आणि डॉक्टरांचे पत्र असे तिघांनी मिळून जावे. पत्रात उपचाराच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात. मुकादम हाही त्याच भागातला, बहुधा त्याच तालुक्यातला माणूस असतो, आणि त्याच्यावरही कारखान्याचा हिशेब असतो. त्याला दयेपेक्षा पर्याय दाखवला तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे. कुणी मिळालेच नाही, तर उचलीची रक्कम पुढच्या हंगामावर ढकलण्याची बोली साक्षीदारांसमोर करून घ्या. दुसरे भावंड असेल तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहात त्याची सोय होते का, याची चौकशी करा. म्हणजे आईचा जीव दोन ठिकाणी टांगलेला राहणार नाही. आजीच्या भरवशावर मात्र हे मूल ठेवू नये. आजीच्या मायेविषयी शंका नाही. पण पुढे सांगते ते काम रात्री दोन वाजता एका माणसाने करायचे आहे, आणि ते तिला जमणारे नाही.

ते काम म्हणजे ताप मोजणे. केमोथेरपी दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, आणि त्या दिवसांत आलेला ताप हा साधा ताप नसतो. शहरातील मूल अर्ध्या तासात रुग्णालयात पोचते. आपल्याकडे मुले दगावतात ती या वेळी. घरात डिजिटल थर्मामीटर हवा, तो मुलाच्या काखेत लावायचा. आकडा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून किंवा गावातली मिळेल ती जीप घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठायचे आणि शक्यतो तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायचा. तुम्ही पहिल्याच भेटीत मोठ्या रुग्णालयाकडून एक पत्र लिहून घ्या : मुलाचे नाव, आजार, कोणती औषधे सुरू आहेत, ताप आल्यास कोणते प्रतिजैविक किती द्यावे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करावा. या पत्राची एक प्रत ग्रामीण रुग्णालयात आधीच नेऊन द्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी दोन मिनिटे बोला. रात्रपाळीतील तरुण डॉक्टरला केमोथेरपी चाललेले मूल अचानक समोर आले की धास्ती वाटते, आणि मग तो ‘पुढे न्या’ असे लिहून मोकळा होतो. हातात पत्र असले की पहिला डोस देऊन पुढे पाठवतो. फरक जीव वाचण्याइतका आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. या काळात दंडावर-कमरेवर इंजेक्शने घेऊ नयेत आणि लसी रुग्णालयाला विचारल्याशिवाय देऊ नयेत. वर्गात किंवा वस्तीत कोणाला कांजिण्या आल्या आणि हा मुलगा त्याच्याजवळ बसला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा, पुरळ उठण्याची वाट पाहू नका. एका औषधाचा रंग लाल असतो आणि त्यानंतर दिवसभर लघवीही लाल होते. ते रक्त नव्हे. दुसऱ्या एका औषधाने बद्धकोष्ठ होते, जबडा दुखतो, कधी पाऊल नीट उचलत नाही; ते सांगायचे, सोसायचे नाही. खाण्यासाठी बाजारातल्या पावडरींवर पैसे घालवू नका : उकडलेले अंडे, शेंगदाणा-गुळाचा लाडू, वरण-भात-तूप, ताजी भाकरी, तापवलेले दूध, उकळून गार केलेले पाणी. कच्ची कोशिंबीर आणि यात्रेतली भेळ सहा महिने नको. कुपोषित मुलाला हीच औषधे अधिक बाधतात, म्हणून वजन वाढणे हा उपचाराचाच भाग समजा.

शेजारी वैदूचा पत्ता देतात, असे तुम्ही लिहिले आहे. झाडपाल्यावर माझा राग नाही. पण लिम्फोमाच्या गाठी कधी कधी आपोआप थोड्या लहान-मोठ्या होतात, आणि त्या लहान झाल्या त्या आठवड्यात ज्याचा काढा चालू असेल त्याचे नाव होते. याहून वाईट म्हणजे काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडने लिम्फोमा काही दिवस खरोखर विरघळल्यासारखा दिसतो आणि मग दुप्पट जोराने उठतो. त्या मधल्या काळात तपासणी केली तर निदानही फसते. आधी काही पुड्या दिल्या गेल्या असतील, तर न लाजता डॉक्टरांना सांगा आणि उरलेली पुडी दाखवा. अंगारा, नवस, देवीची ओटी यांना माझी काहीच हरकत नाही, फक्त तारखेच्या आड येऊ नयेत.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सर्वच लिम्फोमा हॉजकिनसारखे सावकाश चालत नाहीत. १९५८ मध्ये युगांडातील कंपाला येथे काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने मुलांच्या जबड्यात येणाऱ्या ज्या गाठींचे वर्णन केले, तो लिम्फोमा दोन-चार दिवसांतही डोळ्यांदेखत वाढतो. आपल्याकडे तो पुष्कळदा पोटात होतो. त्या बर्किटच्या काळात, अगदी तुटपुंज्या साधनांच्या आफ्रिकी रुग्णालयांत, मोजक्या औषधांवर काही मुले कायमची बरी झाली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेव्हा मुलाचे पोट आठवड्याभरात फुगत असेल, आडवे झोपल्यावर दम लागत असेल, चेहरा आणि मान सुजत असेल, तर अमुक दिवस गोळ्या देऊन पाहू असे म्हणायचे नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचे. तुमच्या विद्यार्थ्यालाही आडवे पडल्यावर दम लागतो का, हे आज संध्याकाळीच आईला विचारा. लागत असेल, तर रेल्वेच्या दाखल्यासाठी थांबू नका.

शाळेतून त्याचे नाव काढू नका. हजेरीपटावर त्याचे नाव राहू द्या आणि पुस्तके बरोबर द्या. केस जातील, ते परत येतात. तो परतण्याआधी वर्गातल्या मुलांना सांगून ठेवा, की हा आजार शेजारी बसून लागत नाही. मोठी माणसे हे विसरतात, मुले विसरत नाहीत.

आणि तो विचारतो ते. त्याला खरे सांगा, त्याच्या भाषेत : गळ्यातल्या ग्रंथींचे काम बिघडले आहे, त्याला लिम्फोमा म्हणतात, औषध सुईतून द्यावे लागेल, काही दिवस मळमळेल, केस जातील, आणि गाठ दिसेनाशी झाली तरी औषध पुरे करावे लागेल. नऊ वर्षांच्या मुलाला एवढे समजते. घरच्यांनी दबक्या आवाजात बोललेले त्याला आधीच समजलेले असते, आणि अर्धवट समजलेले जास्त भिववते. घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर उपचाराच्या तारखांना त्याच्याच हाताने लाल गोल काढून घ्या. मुंबईला निघण्यापूर्वी एक थर्मामीटर शाळेत आणून त्याला वाचायला शिकवा. पडद्यावरचा १००.४ हा आकडा चौथीतल्या मुलाला ओळखता येतो, आणि रात्री आई थकून झोपली असेल तर तो तिला उठवू शकेल.